आभार होऊन गेलेला विषय

मुलांनो,

रविवारी फोनवर तुम्ही "आजोबा, आमेन म्हणा ना" म्हणालात, ते म्हणाले, आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. तुमचा काही दोष नाही. आजोबा बोलायला लागले, एवढंच तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. पण फोन ठेवल्यावर ते भिंतीकडे तोंड करून बसले. म्हणून मी, तुमची आजी, सगळं नीट, क्रमाने लिहिते.

मागच्या पावसाळ्यानंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला होता, तो आता उचलतात. वाचा मात्र गेली. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत मराठी, कानडी, हिंदी तिन्ही भाषांत भाव करणारा हा माणूस. आता पाणी मागता येत नाही.

आपल्या चर्चच्या मंडळीत दर बुधवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते. आधी प्रत्येकाने आपला विषय सांगायचा: कुणाचा गुडघा, कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाची बदली. मग ते वाटून घेऊन प्रार्थना करायची. मागितलेलं मिळालं की त्या घराने आभाराची प्रार्थना ठेवायची, काहीतरी गोड करायचं. त्यानंतर तो विषय पुन्हा कुणी घेत नाही. पद्धत चांगली आहे. माझा जन्म शाळेत शिकवण्यात गेला, मला पद्धती आवडतात.

हिवाळ्यात एका बुधवारी प्रार्थना आपल्याकडे होती. पाळकसाहेबांनी शेवट केला आणि सगळ्यांच्या आवाजात आजोबांचा आवाज आला. स्पष्ट, खणखणीत: "आमेन!" बायका रडल्या. मीही रडले. रविवारी उपासनेत ते जाहीर झालं आणि पुढच्या बुधवारी आपल्याच घरी आभार झाले. शिरा मीच केला होता, बेदाणे घालून.

आणि मग कळलं, की तेवढंच आहे.

चहा देऊ? आमेन. दुखतंय का? आमेन. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाने फरशी फोडली तेव्हा त्याच्या अंगावर ओरडले, तेही आमेन. तो बिचारा हात जोडून उभा राहिला. दवाखान्यात बोलण्याचे व्यायाम घेणारी मुलगी म्हणाली, जन्मभर तोंडात बसलेला शब्द कधी कधी असा आपोआप येतो, मनातला शब्द येतोच असं नाही. घाई करू नका, रोज सराव करा.

म्हणून मी बुधवारी पुन्हा तोच विषय सांगितला. आमच्यातल्या सर्वांत मोठ्या बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "टीचर, तुमचे तर आभार झाले की."

"झाले. पण ते बोलत नाहीत."

"आमेन म्हणतात ना? मग? देवानं एकदा दिल्यावर परत मागायचं म्हणजे अविश्वास होतो."

पाळकसाहेब वयाने लहान आहेत, मला आई म्हणतात. ते हळूच म्हणाले, "आई, प्रभूची वेळ असते," आणि पुढच्या विषयाकडे वळले. पुढचा विषय गुडघ्याचाच होता. तो किती वर्षं चाललाय! त्या गुडघ्याला कुणी अविश्वास म्हणत नाही.

तुम्हाला संडे स्कूलमध्ये त्या विधवेची गोष्ट शिकवली असेल. न्यायाधीश दाद देत नाही, ती त्याच्याकडे जातच राहते, शेवटी तो कंटाळून न्याय देतो. मी ती कितीतरी मुलांना शिकवली. आता मला ती बाई दिसते ती न्याय न मिळता घरी परतताना. वाटेत ती काय पुटपुटत असेल, ते गोष्टीत नाही. मी काय पुटपुटते ते मात्र मला ठाऊक आहे, आणि ते देवालाही ऐकवते. सकाळी चहानंतर मी त्यांच्यासमोर बसते, आधी प्रार्थना, मग सराव. कप धरून म्हणते, "कप." ते ओठ जुळवतात, कपाळावर शीर उठते, आणि येतं तेच. मग ते कप ढकलून देतात. मलाही तो फेकावासा वाटतो.

खरी गोष्ट वेगळीच आहे. रोज दिवेलागणीला ते माझं मनगट धरतात आणि काहीतरी सांगू बघतात. दुखणं नाही, भूक नाही, ते सगळं मी विचारून झालंय. डोळ्यांत काहीतरी असतं, तोंडातून आमेन निघतं, आणि ते खुर्चीच्या हातावर मूठ आपटतात. ते काय आहे, हे मला कळायला हवंय. माझा विषय तो आहे.

निपाणीच्या आक्का, म्हणजे आजोबांची मोठी बहीण, बसने येऊन गेल्या. दारातूनच म्हणाल्या, "काय रं, वळखलंस का मला?"

"आमेन."

"आता पाळक झालास व्हय रं! मग घाल की माझ्या डोस्क्यावर हात." आजोबा हसले. खूप दिवसांनी.

मी त्यांना बुधवारचं सांगितलं. आक्का पाय चोळत म्हणाल्या, "शिरा खाल्ल्यावर बायका कुठल्या ऐकत्यात गं? तू माग की. लई नेमानं मागतीस तू, शाळंत हजेरी घेतल्यागत. जरा भांड."

या बुधवारी पाळी आपली होती. मी फक्त चहा ठेवला. विषय विचारल्यावर म्हटलं, "माझा तोच आहे, आणि आज प्रार्थना मीच करणार." मी डोळे मिटले आणि म्हटलं, प्रभू, आमेन, आमेन म्हणत तुला पुष्कळ होकार ऐकवून झाले. यांना आधी 'नाही' म्हणता येऊ दे. मग बाकीचं मागते.

सगळे आमेन म्हणाले. आजोबा म्हणाले नाहीत. मी डोळे उघडले. मोठ्या बाई वाकून म्हणत होत्या, "म्हणा की, आमेन म्हणा." आजोबांनी ओठ गच्च मिटले होते. माझ्याकडे बघत त्यांनी मान हलवली, डावीकडे, उजवीकडे.

"बघा, आई!" पाळकसाहेब म्हणाले. मोठ्या बाईंचे डोळे लगेच भरून आले.

"याचे आभार मी ठेवणार नाही," मी म्हटलं. "अजून नाही."

मग चहा आला. साखर आजोबांना बंद आहे, तरी कुणीतरी विचारलं, घालू का? "आमेन!"

मला हसू आलं नाही. पुढच्या बुधवारी माझा विषय तोच आहे, त्याच्या पुढच्या बुधवारीही. तुम्ही एक करा. रविवारी फोन कराल तेव्हा आमेन म्हणायला सांगू नका. काहीतरी विचारा आणि गप्प बसा. खूप वेळ लागेल. ते आमेनच म्हणतील, बहुधा. तरी पुन्हा विचारा.