फोटोतला शैलाचा हात

"ट्रिपल व्हेसल डिसीज," डॉक्टर म्हणाले. म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या तिन्ही मोठ्या नसा चोंदलेल्या. हे त्यांनी मला सांगितलं नाही, माझ्या नवऱ्याला सांगितलं. मी त्या दोघांच्या मधोमध खाटेवर उताणी पडले होते. मनगटातून घातलेली बारीक नळी नुकतीच काढली होती आणि तिथे घट्ट पट्टा बांधला होता.

"बायपास करना पड़ेगा. माताजी को आराम से समझा दीजिएगा."

माझं वय सत्तावन्न. तीस वर्षं शाळेत गणित शिकवते आहे. मी म्हणाले, "मुझे समझाइए. नस मेरी है."

ऐकल्यावर रडू आलं का, असं लोक अजून विचारतात. नाही आलं. राग आला. त्या डॉक्टरांचा आला तो थोडाच, बिचारे तरुण होते आणि नंतर त्यांनी कागदावर हृदय काढून मला सगळं नीट समजावलंही. खरा राग आला तो एका शब्दाचा. तो शब्द आपल्या घराघरांत आहे, तुमच्याही असेल. गॅस. डोकं दुखलं, गॅस. पाठ धरली, गॅस. बाईला घाम फुटला, तोंड उतरलं, काम करता करता ती भिंतीला टेकली, तरी गॅसच. या शब्दानं माझी मैत्रीण नेली, आणि तो शब्द उच्चारणारी दुसरी कोणी नव्हती, मी होते.

शैला आणि मी रायपुरातल्या बूढ़ापाऱ्यात एकाच गल्लीत अठ्ठावीस वर्षं राहिलो. दर वर्षी आवळा नवमीला आमची दोन्ही घरं आवळीभोजनाला बाहेर पडायची. नवा रायपुरच्या रुंद, रिकाम्या रस्त्यांच्या पलीकडे, एका गावाच्या तळ्याकाठी आवळ्याचं मोठं झाड आहे. तिथे गोवऱ्या पेटवायच्या, रोडगे भाजायचे, वांग्याचं भरीत आणि वरण करायचं, झाडाला प्रदक्षिणा घालून त्याच्याखाली जेवायचं. पूजा दहा मिनिटांची असायची, बाकी सगळी सहलच. शैला त्या दिवसाची वाट दिवाळीपेक्षा जास्त बघायची. तिचा नवरा वारला तेव्हा मिनू, तिची एकुलती पोरगी, नववीत होती. त्या वर्षी मी म्हटलं, राहू दे आता. तर शैला म्हणाली, "रडाचंच आहे ना? मंग झाडाखाली रडू. रोडगे खाऊन रडू." आणि खरंच तसं केलं आम्ही. आधी पोटभर जेवलो, मग दोघी पोटभर रडलो.

दोन वर्षांपूर्वीची नवमी मला घटकेघटकेनं आठवते. शैला कणीक मळता मळता थांबली. कपाळावर घाम होता. कार्तिकात, सावलीत बसून घाम.

"काहून गं, तोंड काहून असं केलं?" मी विचारलं.

"जबडा दुखून राहिला. पाठीतही कसंतरी होऊन राहिलं."

"सकायपासून पोटात काही नाही तुह्या. गॅस झाली तुले."

"हव, तसंच असन."

मी डब्यातून ओवा आणि काळं मीठ काढलं, तिच्या तळहातावर ठेवलं, वरून कोमट पाणी पाजलं. किती तत्परतेनं केलं! ती झाडाच्या बुंध्याशी टेकून बसली, हात जबड्यावर ठेवून. मिनूनं फोन काढला, "मम्मी, इधर देखो." शैला हसली. हात तिनं तसाच ठेवला.

उठून घरी जाऊ, असं मी म्हटलं नाही. रोडगे निखाऱ्यावर होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवताना ती ओट्यापाशी कोसळली. गल्ली इतकी अरुंद की ॲम्ब्युलन्स तोंडाशीच थांबली आणि तिला खुर्चीवर बसवून उचलून न्यावं लागलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अटैक शायद कल ही शुरू हो गया था. किसी को कुछ बताया था इन्होंने?" मी म्हणाले, नाही.

नाही म्हणाले मी. तेही धडधडीत.

तेरवीला मिनूनं तोच फोटो मोठा करून लावला, आईचा शेवटचा हसरा फोटो म्हणून. येणारी प्रत्येक बाई म्हणायची, "किती छान पोज दिली आहे." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण बोलणार काय? मी त्या घरात जायची तेव्हा फोटोकडे पाठ करून बसायची. मिनू माझ्या गळ्यात पडून म्हणायची, "आप तो पूरा दिन साथ थीं मौसी, आपको तो और दुख होता होगा." त्यापेक्षा तिनं मला चपलेनं मारलं असतं तरी चाललं असतं. पुढच्या नवमीला आम्ही कोणी गेलो नाही.

आता माझं ऐका, म्हणजे शहाणी बाई किती मूर्ख असू शकते ते कळेल. या वर्षी चैत्रात शाळेचा जिना चढताना माझा जबडा दुखायला लागला. थांबलं की दुखणंही थांबायचं. मी दाताच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी एका दाढेत कीड दाखवली आणि ती काढली. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी! दाढ गेली, दुखणं जिन्यावर माझी वाट बघत उभंच. मग नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी माझी नाडीही नीट बघितली नाही. "इस उम्र में लेडीज़ को गैस और टेंशन, दोनों रहता है," असं म्हणून पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या. मला दहा वर्षांपासून डायबेटीस आहे, हे त्यांच्याच कागदावर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. आणि मी? मला बरं वाटलं. शैलाला ओवा देणारी मी, माझ्यासाठी गॅस हा शब्द ऐकून खुशीत घरी आले.

वैशाखात पुतण्याच्या लग्नाच्या साड्या घ्यायला पंडरीच्या कापडबाजारात गेले. दुकान दुसऱ्या मजल्यावर, बाहेर ऊन मी म्हणत होतं. चढून गेले तेव्हा जबडा ठणकत होता. दुकानातल्या माणसानं एक जांभळी साडी माझ्या खांद्यावर टाकली आणि मला आरशासमोर उभं केलं. "देखिए दीदी, कैसी खिल रही है."

आरशात मला शैलाचा फोटो दिसला. तोच हात, त्याच जागी. कपाळावर तसाच घाम.

साडी तशीच अंगावर टाकलेली, मी म्हणाले, "भैया, ऑटो बुलाओ. दिल का दौरा है." नवऱ्याला फोन केला तर पलीकडून उत्तर आलं, "अवं, उन्हानं पित्त झालं असन. घरी ये, ताक पी." मी फोन ठेवून दिला आणि ऑटोनं सरळ दवाखाना गाठला. ते चांगले आहेत, पुढे महिनाभर त्यांनी माझी वेणी घातली, पण त्या क्षणी ते समोर असते तर काय झालं असतं सांगता येत नाही.

दवाखान्यात आधी ईसीजी काढला, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख. त्यात थोडा फरक होता, फार नाही. मग रक्त घेतलं, ट्रोपोनिनसाठी. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हा पदार्थ रक्तात उतरतो. माझा वाढलेला होता. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी केली, मनगटातून नळी घालून नसांमध्ये रंग सोडतात आणि पडद्यावर बघतात कुठे अडलं आहे ते. दुखत नाही. भीती वाटते ती पडद्याची, कारण आपल्याला त्यातलं काही कळत नाही आणि बघणारे गप्प होतात. डॉक्टर नंतर म्हणाले, "औरतों में, और शुगर वालों में, सीने में दर्द हो ये ज़रूरी नहीं. जबड़ा, पीठ, पसीना, थकान, कुछ भी हो सकता है." हे वाक्य मी त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतलं.

ऑपरेशनला चार दिवस होते. भेटायला येणाऱ्यांचा नुसता बाजार. उचलली जीभ लावली टाळ्याला. एक बाई माझ्या खाटेवर बसून म्हणाल्या, त्यांच्या जावेलाही असंच झालं होतं, शेवटी गॅसच निघाली. त्यांना मी काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. त्या पुन्हा आल्या नाहीत.

मिनू रोज ऑफिसला नवा रायपुरला जाण्याआधी डबा घेऊन यायची. ऑपरेशनच्या दोन दिवस आधी मला दलिया भरवता भरवता म्हणाली, "अच्छा हुआ आपका पता चल गया. मम्मी के टाइम तो किसी को पता ही नहीं था."

मी तिचा चमचा धरलेला हात बाजूला केला. हे असंच पोटात ठेवून त्या टेबलावर जायचं? आणि नाहीच उठले तर? मी तिला सगळं सांगितलं. जबडा, पाठ, घाम, ओवा. निखाऱ्यावरचे रोडगे. डॉक्टरीणबाईंना काय सांगितलं तेही. मिनूनं अर्धा डबा तसाच बंद केला, पिशवीत टाकला आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी आली नाही. नवरा म्हणाला, "आत्ताच काहून सांगितलं? ऑपरेशन त होऊ द्याचं होतं." मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ऑपरेशनच्या सकाळी स्ट्रेचरवरून नेताना मी दाराकडे बघत होते. सगळे आले होते. मिनू नव्हती.

बायपासबद्दल जे कोणी सांगत नाही ते मी सांगते. छातीचं हाड मधून कापतात आणि तारेनं बांधतात, पण छातीपेक्षा पाय जास्त दुखतो, कारण नवीन वाटेसाठी नस पायातून काढलेली असते. खोकला आला की उशी छातीशी आवळून धरायची. आणि रडू येतं, कशाचंही. कोणी पंखा बंद केला तरी येतं. ते वेड नाही, तसं होतं.

तिसऱ्या दिवशी मला आयसीयूतून खोलीत आणलं. दुपारी दार उघडलं आणि मिनू आत आली. डोळे सुजलेले. डबा टेबलावर आपटला.

"मैं बहुत गुस्सा हूँ आपसे."

"अस रागावलेली," मी म्हणाले.

"डेढ़ साल आपने मुझसे छुपाया. मैं रोज़ सोचती थी कि मम्मी को कुछ हुआ ही नहीं था, एकदम से चली गईं."

"हो."

ती खुर्चीत बसली. मग म्हणाली, "फोटो तो मैंने खींचा था. मैंने भी तो देखा था उनको." तिनं डबा उघडला, चमचा भरला आणि माझ्या तोंडासमोर धरला. "मुँह खोलिए. गुस्सा हूँ अभी भी."

तो राग अजून गेलेला नाही, आणि मी तो जावा म्हणून काही करत नाही. पण डबा एकही दिवस चुकला नाही. फोटोही तिथेच आहे. आता कोणी पोज म्हणालं की मिनू सरळ सांगते, पोज नाही, अटॅक आला होता. समोरच्या बाया गप्प होतात. झालेल्या बऱ्या.

यंदाच्या आवळा नवमीला मिनूच म्हणाली, जाऊ या. तिनंच गाडी चालवली. झाड तसंच होतं, तळ्यात पाणीही भरपूर. कणीक माझ्या नवऱ्यानं मळली, पहिल्यांदाच, आणि रोडगे इतके वेडेवाकडे झाले की शैला असती तर तळ्यापर्यंत ऐकू जाईल अशी हसली असती. मी बुंध्याशी टेकून शेंगदाणे खात बसले होते. मिनूनं फोन काढला.

"मौसी, इधर देखो."

मी बघितलं. आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. माझा हात जबड्यावर होता.

"अगं काही नाही," मी म्हणाले. "दाढ काढली ना, त्या भोकात शेंगदाणा अडकला आहे."

"गाडीत बसा." माझ्याशी कायम हिंदीत बोलणारी ही पोरगी चक्क मराठीत बोलली.

"मिनू, शेंगदाणा आहे गं!"

"ते डॉक्टर सांगतीन. काका, उठा."

नवरा पिठाचे हात धोतराला पुसत उठला. भांडले मी त्यांच्याशी. रोडगे निखाऱ्यावर आहेत म्हणाले, वर्षाचा सण आहे म्हणाले, मला कळतं माझं म्हणाले. दोघांनीही ऐकलं नाही. मिनूनं रोडगे काढून डब्यात कोंबले, विस्तवावर तळ्याचं पाणी ओतलं आणि मला हाताला धरून गाडीत बसवलं. सगळा रस्ता मी चिडलेली आणि ती दात आवळून गाडी हाकते आहे.

ईसीजी निघाला, ट्रोपोनिन झालं, दोन तासांनी पुन्हा झालं. सगळं ठीक. तरुण डॉक्टरीण हसत म्हणाली, "आंटी, मूँगफली ही थी." मिनू बाकावर बसून हमसाहमशी रडली.

मग दवाखान्याच्या आवारात, गाडीची दारं उघडी टाकून, आम्ही तिघं आवळीभोजनाला बसलो. आवळा नव्हता. रोडगे गार आणि कच्चे होते, भरीत तळ्यावरच राहिलं होतं. मी दोन रोडगे खाल्ले आणि खाता खाता मला पुन्हा राग आला, माझं निदान ऐकल्यावर आला होता तितकाच. कारण आता समोर दिसत होतं, शैलासाठी त्या दिवशी करायचं होतं ते एवढंच होतं. एक सहल मोडायची होती.