ओलेत्याचा नवस

मी भित्री बाई. पाल दिसली तरी घर डोक्यावर घेते. आतडं फुटलंय, ताबडतोब ऑपरेशन करावं लागेल, असं भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा माझी काय गत झाली असेल, तुम्हीच समजा. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या मी महादेवाला बोलून बसले, "वाचवलंस तर घरी गेल्यावर पहिल्याच सोमवारी वैनगंगेत बुडी मारीन आणि ओलेत्यानं तुझ्या पायऱ्या चढीन."

वाचले. पवनीला घरी निघताना सिस्टरनी मला आणि आमच्या यांना समोर बसवून बजावलं. आतड्यातली घाण पोटात सांडली होती, म्हणून जखम चिघळायची भीती जास्त. टाके कोरडे ठेवा, साबणानं हात धुतल्याशिवाय पट्टीला शिवू नका, हळद-बिळद काही लावू नका, आणि लाली, पू किंवा ताप दिसला तर तसेच निघून या. मी मान डोलावली. पण माझं सगळं चित्त सोमवारात अडकलेलं, आणि पहिला सोमवार तर अंथरुणातच गेला.

मग टाक्यांच्या खालच्या टोकाशी लाली आली. हात लावला की गरम लागायचं. अंगात कणकण. अशा वेळी सिस्टरचं बोलणं आठवायला हवं होतं, मला मात्र आठवला महादेव. नवस चुकला म्हणून तो कोपला, असंच माझ्या मनानं घेतलं. यांना सांगितलं असतं तर यांनी घराबाहेर पडू दिलं नसतं. म्हणून पुढच्या सोमवारी हे धान पाहायला शेतावर गेले, तशी मी पोट धरून घाटाकडे निघाले.

एकेक पायरी टेकत टेकत उतरले. उतरावं तर पाण्याची भीती, न उतरावं तर देवाची. शेवटच्या पायरीवर कुणीतरी माझा दंड धरला. अनोळखी म्हातारी, हातात पितळी गडवा. माझ्या साडीवर पोटापाशी पिवळट डाग पसरला होता, तिची नजर तिथंच खिळलेली. तिनं माझ्या मानेला हात लावून पाहिला.

"काहून वो माय, एवढा ताप घेऊन पान्यात उतरून राहिली?"

मी रडत रडत नवस सांगितला. "आज नाही फेडला तर देव मला ठेवत नाही."

"आज पान्यात गेली तं मरशीन! माही सून अशीच ताप लपवत बसली होती. लई उशिरा नेलं आम्ही तिले." मग तिनं गडवा भरला, माझ्या पायांवर धार धरली आणि घाटावरच्या देवळाकडे पाहून म्हणाली, "पाय ओले झाले, महादेवा. मानून घेजो. लेकरू बिमार आहे."

मग मला दटावलं, "चाल आता दवाखान्यात!"

तिनंच मला पायऱ्या चढवल्या, ऑटोत बसवून सोबत आली, ऑटोवाल्याच्या फोनवरून यांना बोलावून घेतलं. पवनीच्या दवाखान्याच्या दारात हे धावत आले. मी मागे वळून पाहते तर ती निघून गेलेली. नाव विचारायचंही राहून गेलं.

तसंच मला भंडाऱ्याला नेलं. डॉक्टरांनी खालचे टाके उघडले, पू काढला, जखम धुऊन उघडीच ठेवली. "आणखी उशीर झाला असता तर हे आत पसरलं असतं," ते म्हणाले. पुढे रोज पट्टी बदलताना मी डोळे गच्च मिटून ओरडायची. एरवी धानाच्या कोंड्यानं भरलेले हात तसेच ताटात घालणारे आमचे हे, आता कोपरापर्यंत हात धुऊन मगच माझ्याजवळ यायचे. जखम आतून हळूहळू भरत आली. तरी रोज सकाळी वाटायचं, आज परत लाली दिसणार.

डॉक्टरांनी नदीत उतरायला हो म्हटल्यावरच मी पुन्हा घाटावर गेले. फुलवालीला विचारलं, नावाड्याला विचारलं. त्या म्हातारीला कुणीच ओळखत नव्हतं. ती कोण होती, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मी घाबरून देवाला शब्द दिला आणि घाबरूनच तो पाळायला निघाले होते. त्याच्यावर सोडून द्यावं, हे मला सुचलंच नव्हतं.

बुडी मारायच्या आधी ओंजळभर पाणी मी पायांवर सोडलं, तिनं सोडलं होतं तसंच. आणि तिथंच मला रडू कोसळलं. माझा नवस तर त्याच दिवशी फिटला होता.