सरावाचा पेशंट

नर्सिंगच्या शेवटच्या परीक्षेत मी एकदा आपटले होते. लेखी निघाली, पण प्रात्यक्षिकात हात थरथरले आणि परीक्षक बाईंनी चष्म्यावरून बघत "पुढच्या खेपेला या" म्हटलं. कुंडलजवळच्या आमच्या गावात ही बातमी माझ्याआधी पोचली. चुलत्यांनी लगेच निकाल लावला, "बास झालं शिक्षान. उजवून टाका पोरीला." माझे वडील, आबा, फौजेतून हवालदार होऊन परतलेले. ते फार बोलत नसत. एवढंच म्हणाले, "आनी एक डाव बसूंदे तिला. न्हाई झाली, तर तुमी म्हनशिला तसं." सत्तर सालानंतरची एक-दोन वर्षं असतील. हा डाव शेवटचा होता.

अभ्यासाच्या सुट्टीत मी सांगलीच्या होस्टेलवरून घरी आले, तेव्हा आबांनी आपणहून कामगिरी अंगावर घेतली. रोज दुपारी उसाला पाणी पाजून आले की हातपाय धुऊन सोप्यातल्या बाजेवर ताठ आडवे व्हायचे आणि विचारायचे, "आज काय झालंय मला?" मी वहीत बघून रोग सांगायचे. न्युमोनिया, कावीळ, हिवताप. नाडी मोजायला सेकंदकाट्याचं घड्याळही त्यांचंच, फौजेतलं.

पण पेशंट म्हणून आबा अगदी कुचकामी. "दुखतंय का?" विचारलं की "न्हाई. एकदम फस्कलास." आई चुलीपुढून ओरडायची, "आवं, जरा कन्हा की! पोरीचा अभ्यास हाय." मग ते एकदाच "आई गं" म्हणायचे, तेही कवायतीच्या आवाजात. आम्हा मायलेकींची हसून पुरेवाट व्हायची.

परीक्षेला चार दिवस उरले, त्या दिवशी अपेंडिक्सची पाळी होती. खरं तर पोट तपासणं डॉक्टरांचं काम, पण परीक्षक बाई ते हटकून विचारायच्या. उजव्या बाजूला खाली मी बोटं दाबली आणि आबांचा चेहरा असा काही पिळवटला की मी टाळीच वाजवली. "आबा, आज झकास! सोंगाड्या व्हायचं सोडून फौजेत कशाला गेला तुमी?" मग आठवलं, बोटांची टोकं खुपसायची नसतात. बोटं सपाट ठेवून हळू दाबायचं आणि सोडताना जास्त दुखतं का ते बघायचं. "चुकलं माझं. परत एकदा," म्हटलं. आबांनी गुडघे जवळ घेतले होते, ते पाय लांब करून पुन्हा ताठ आडवे झाले. मी दाबलं, सोडलं. त्यांच्या कपाळावर घाम आला. तरी मी खुशीतच.

पुढे क्रमाने नाडी. आबांची नाडी साठीच्या वर कधी जात नसे. मोजली तर एकशे दहा. घड्याळ बिघडलं असेल म्हणून कानाला लावलं, परत मोजली. तेवढीच. आमच्या ट्यूटर सिस्टर सांगायच्या, कण्हण्याचं सोंग आणता येतं, नाडीला सोंग येत नाही. ते वाक्य मला पाठ होतं, कळलं मात्र त्या दुपारी.

"आबा, कवापास्नं दुखतंय?"

"न्हाई. एकदम फस्कलास." शेवटी आईच रडवेली होऊन म्हणाली, "कालपास्नं जेवल्यालं न्हाईत. तुला सांगू नगंस म्हनले."

मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. त्यांच्यापेक्षा जास्त राग माझा मलाच आला होता. सोसायटीच्या चेअरमनची जीप मागून सांगली गाठली. संध्याकाळी ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत थांबला असतात तर फुटलं असतं. पुढचे दिवस मी त्यांच्या खाटेशेजारी बसून वही वाचली आणि वॉर्डातूनच परीक्षेला गेले. हात थरथरले नाहीत.

निकाल लागला तोवर आबा मळ्यात जायला लागले होते. मी पास झाले. चुलत्यांनी पेढे खाल्ले, तेही दोन. आबांच्या पाया पडताना मी इतके दिवस मनात राहिलेलं विचारून टाकलं. "दुखनं का लपवलं, ते कळलं मला. पर मी परत दाबते म्हनल्यावर तरी उठायचं हुतं. परत का पडला?"

आबा म्हणाले, "पयल्यांदा तुझं चुकलं हुतं न्हवं."