सदिशावरून घर सोडलेले शफ्रिल मास्तर

शफ्रिल मास्तरांसारखा तापट माणूस आमच्या पायाकुम्बुह गावात दुसरा झाला नाही. खडू तुटला तर खडूवर डाफरायचे. हायस्कुलात गणित शिकवायचे, आवाज फाटकापर्यंत यायचा. बायकोच्या घरात शिरले की मात्र गप्प. आमच्याकडे नवरा बायकोच्या घरी पाहुण्यासारखाच राहतो. तिथे शब्द चालतो बायकोच्या भावाचा. आणि हा भाऊ कोण, तर रुसली नावाचे आमचे दातुक, म्हणजे कुळाचे प्रमुख, त्याच शाळेत पदार्थविज्ञान शिकवणारे!

मास्तरांची मुलगी एलिदा शाळेच्या शेवटच्या वर्षाला. पास झाली तर बांडुंगला कॉलेजात जाणार. मामाच्या पेपरात प्रश्न आला, सदिश म्हणजे काय ते उदाहरण देऊन सांगा. पोरीने बापाचं गणित लिहिलं. ज्यांची बेरीज करता येते, ज्यांना आकड्याने गुणता येतं आणि तरी जे आपल्याच गोतात राहतात, ते सदिश. उदाहरण बाजाराच्या टोपलीचं : इतकी मिरची, इतके नारळ, इतका तांदूळ. मामाने त्यावर भला मोठा भोपळा काढला आणि पोरगी तेवढ्यावरून नापास.

मी तिसरीपर्यंत शिकलेला, पण त्या आठवड्यात कॉफीच्या दुकानात बसून अर्धा पदार्थविज्ञानी झालो. दातुक टेबल बडवून सगळ्यांना विचारत, "उत्तरेचं तोंड पूर्वेला केलं तर टोपलीतल्या मिरचीचा नारळ होतो का? वाऱ्याचं तसं होतं. समोरून लागणारा वारा कुशीला लागतो. जे असं बदलत नाही, ते माझ्या विषयात सदिश नाही."

घरी मास्तर खाली मान घालून भात गिळत होते. शुक्रवारी भरदिवसा त्यांनी कपडे लुंगीत गुंडाळले, उशी काखेत मारली आणि बाजारातून चालत आपल्या आईच्या घरी गेले. जावई असा उघड निघून गेला की बायकोच्या अख्ख्या कुळाची छी-थू होते. मग विड्याचा डबा घेऊन त्यांनीच न्यायला यावं लागतं.

दातुक आले. मी तिथे छपरावर पत्रे ठोकत होतो, हातोडी थांबवली.

"घरी चला मेहुणे," दातुक दात खात म्हणाले.

मास्तरांनी विड्याला हात लावला नाही. "तिथे मी पाहुणा. इथे बोलतो. तुमच्या वर्गात तुमचा अर्थ खरा, कबूल. पण तोंड फिरवल्यावर काय होतं, हे पोरांना शिकवलंत का? की फळ्यावर बाण काढून मोकळे झालात?"

दातुकांचे कान लाल झाले. त्यांनी डबा खाली ठेवला. "बाणच काढला," ते म्हणाले. "पण माझ्या तासाला बसून ती तुमचं लिहिते, याचा मला राग येणारच."

"येऊ द्या. तो माझ्यावर काढा. पोरीच्या पेपरावर नको."

सोमवारी दातुकांनी तोंड फिरवल्यावर काय बदलतं ते सगळ्या वर्गाला शिकवलं आणि तो प्रश्न सगळ्यांना पुन्हा घातला. मास्तर उशी घेऊन बायकोच्या घरी परतले. एलिदाने वारा लिहिला, पास झाली, बांडुंगला गेली. मामाने दहापैकी नऊ दिले होते. तो एक गुण कशाचा कापला, यावरून मास्तर पुढे कैक वर्षं दातुकांशी भांडले, तेही कॉफीच्या दुकानात, भर गर्दीत. बायकोच्या घरात याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.