पैसे भरून पाहुणे

पैसे भरले तरी माणूस पाहुणाच राहतो, असं मानणारा अख्ख्या बुऱ्हाणपुरात एकच इसम आहे, आणि तो नेमका माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ताई गेल्या, मुलगा परदेशात, नातेवाइकांकडची बोलावणी आटली, आणि यांना होमस्टेचा नाद लागला. हॉटेल नको. कुणाचं तरी राहतं घर हवं, सकाळी घरच्यांच्या हातची न्याहारी हवी, आणि मुख्य म्हणजे निघताना कुणीतरी ‘राहा की अजून’ म्हणायला हवं. त्या एका वाक्यासाठी ते सातपुडा पालथा घालतात. सोबतीला आम्ही दोघं. गाडी माझी, आणि लाजही माझीच.

मागच्या हिवाळ्यात असीरगड मागे टाकून आम्ही डोंगरात गेलो. वर सागाचं रान, खाली पिवळ्या गवताचा माळ, आणि मध्ये एका तरुण जोडप्याचं कौलारू घर. खोल्या मी मोबाइलवर बुक केल्या होत्या. साडूंनी आमच्याकडच्या दराबा मिठाईचा डबा घेतला आणि फोपनारहून केळ्यांचा अख्खा घड आणला. डिकी लागेना.

‘‘भाऊ, तिथे आपण गिऱ्हाईक आहोत,’’ मी म्हटलं.

‘‘गिऱ्हाइकाला घरात कोण घेतं, साडूभाऊ? त्याला दुकानातूनच बोळवतात.’’

घड माझ्या बायकोच्या मांडीवर बसून डोंगर चढला. पोचल्या पोचल्या साडूंनी घरधनिणीला ‘सूनबाई’ करून टाकलं, तिचं माहेर विचारलं आणि चहात आलं कमी पडल्याचंही प्रेमाने सांगितलं. मी तेव्हापासूनच खिशातला मोबाइल काढून उगाच बघत होतो. तिथे नेटवर्क नव्हतं.

सकाळी ओसरीवर पोहे मांडले होते. इंदूरचं एक जोडपं डोंगराचे फोटो काढत बसलं होतं. तेवढ्यात साडू स्वयंपाकघरातून पातेलं घेऊनच बाहेर आले आणि वाढू लागले. ‘‘लो बेटा, लो. शर्माना मत, अपना ही घर है.’’ त्या मुलाने ताटलीवर हात आडवा धरला, तर यांनी बोटांच्या फटीतून वाढलं.

‘‘अंकल, ये यहाँ के मालिक हैं क्या?’’ मुलीने मला विचारलं.

मी समोरच्या डोंगराकडे इतक्या निष्ठेने पाहू लागलो, की त्यावरचं एकेक झाड मला आजही ओळखू येईल. बायको मात्र खणखणीत आवाजात म्हणाली, ‘‘जिजाजी हैं हमारे.’’ माझी मान पार पोह्यांपर्यंत गेली.

पण खरी परीक्षा निघताना. खोली सोडायची वेळ टळून गेली होती, पुढच्या पाहुण्यांची गाडी फाटकाशी येऊन उभी होती. साडूंनी चादरींच्या घड्या घातल्या, अंगण झाडलं, आणि उंबऱ्यात उभे राहिले. एक चप्पल पायात, दुसरी बाहेर.

‘‘मग... निघू का, सूनबाई?’’

‘‘हो काका, सांभाळून जा.’’

साडूंनी चप्पल काढली. पाणी मागितलं, सावकाश प्यायले. ‘‘निघतोच आता.’’

‘‘बरं काका.’’

पुन्हा चप्पल निघाली. फाटकावर हॉर्न वाजला. मी लाजेने अर्धा होऊन घरधनिणीजवळ गेलो. ‘‘ताई, त्यांना एकदा राहा म्हणा.’’

‘‘अहो, खोली कुठंय? आणि राहिले तर?’’

‘‘नाही राहणार,’’ मी ठोकून दिलं. खात्री मलाही नव्हती.

ती घाबरतच पुढे झाली. ‘‘काका, राहा की अजून एक दिवस.’’

साडूंचा चेहरा असा उजळला की बास. ‘‘छे छे, सूनबाई! घरी कामं पडलीत!’’ दोन्ही चपला झटक्यात पायात. घरी कुलूप उघडण्यापलीकडे या माणसाला काडीचं काम नाही.

‘‘सोडतच नव्हती पोरगी,’’ ते वाटभर सांगत राहिले. आम्ही वाटभर माना डोलावल्या.

दिवेलागणीला लोधीपुऱ्यात त्यांच्या दाराशी गाडी उभी केली. इंजिन चालूच ठेवलं. तिथे माझी तशीच सवय. त्यांनी कुलूप काढलं, अंधारात हात घालून दिवा लावला, आणि परत येऊन माझ्या खिडकीशी वाकले.

‘‘राहा की आजची रात, साडूभाऊ.’’

‘‘छे छे भाऊ, घरी कामं...’’ मी म्हणालो.

मागच्या सीटवर बायको वाकून अंधारात चपला शोधत होती. ‘‘जिजाजी, तांदूळ कुठे आहेत ते दाखवा,’’ ती म्हणाली, ‘‘खिचडी टाकते.’’

साडू जवळजवळ पळतच आत गेले. आतून कपाटाचं दार वाजलं. तांदूळ राहिले बाजूला, ते आमच्यासाठी चादरी काढत होते.

मी इंजिन बंद केलं.