मावशींच्या घरातला राक्षस

तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी या वयात घरात पुरुष ठेवलाय, ही बातमी आमच्या इमारतीत मीच पसरवली. उगाच दुसऱ्या कुणाचं नाव कशाला घ्या? भिंत माझी, कान माझा, बातमीही माझीच. सलग चार दुपारी त्यांच्याकडून जाड, घोगरं गुरगुरणं ऐकू येत होतं. मधेच एक सुस्कारा, की पुन्हा गुरगुर. जेवून लवंडलेला नवरा अगदी असाच आवाज करतो, असा दाखला आमच्या हिने स्वानुभवावरून दिला. संध्याकाळपर्यंत खालच्या इस्त्रीवाल्याने त्या पुरुषाला मिशासुद्धा चिकटवल्या होत्या.

पाचव्या दिवशी मला राहवेना. मावशींचं विजेचं बिल चुकून माझ्या पेटीत पडलं होतं. ते हातात धरून मी बेल वाजवली.

आत पुरुष नव्हता. एक खुर्ची, एक टेबल, टेबलावर पाण्याचा तांब्या. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतीला गादी उभी केलेली, आणि तिच्यासमोर मोबाइल. मोबाइलवर पिंजलेल्या कापसाच्या ढिगासारखा एक केसाळ प्राणी डोळे मिचकावत होता.

"पुरुष शोधताय ना?" मावशी म्हणाल्या. "सकाळी इस्त्रीवाला विचारून गेला, साहेबांचे शर्ट कधी देताय म्हणून."

मी बिल पुढे केलं.

"पुरुष असता तर तुमच्यासारखा बोलत बसला असता, बातमीदार. राक्षस बरा. कामापुरतं गुरगुरतो."

तर खरी गोष्ट अशी. मावशी बासष्ट वर्षांच्या, लग्न केलेलं नाही, आणि गेली पस्तीस वर्षं परदेशी सिनेमांना आपल्या भाषेत आवाज देण्याचं काम करतात. तुम्ही त्यांना ऐकलंय, फक्त तुम्हाला ते माहीत नाही. पाळण्यातलं रडणारं बाळ, बाजारात 'अहो, बघा बघा' म्हणणारी गर्दी, नायिकेची प्रेमळ आई, सगळं त्यांनीच केलंय. सहा वर्षांपूर्वी गळ्यातली गाठ काढली आणि आवाज फुटला तो फुटलाच. तेव्हापासून आयांची कामं बंद झाली आणि जनावरांची सुरू झाली.

"आईला गोड आवाज लागतो म्हणे," त्या सांगत होत्या. "अस्वलाचं अडत नाही."

आताचा सिनेमा जपानी ॲनिमे, म्हणजे कार्टूनचा. जगात कुणी नसलेली एक आठ वर्षांची मुलगी आणि ट्रकएवढा राक्षस यांची दोस्ती. राक्षसाला बोलता येत नाही. मुलगी दोघांच्या वाटचं बोलते. (आमच्या घरीही हीच पद्धत आहे.) शेवटी नदीला पूर येतो. पलीकडे गाव आहे, माणसं आहेत, पण झुलता पूल मुलीचंच वजन पेलेल, राक्षसाचं नाही. मुलगी त्याला सोडून जायला तयार नाही. मग तो तिच्यावर असा गुरगुरतो, की ती घाबरून, रडत, एकटी पूल ओलांडून निघून जाते.

त्या एका गुरगुरीवर सगळं अडलं होतं. तिशीतला दिग्दर्शक म्हणत होता, "मावशी, राग द्या मला, राग. आणि शेवटी जरा हुंदका टाका. मुलांना कळलं पाहिजे की तो मनातून चांगला आहे."

मावशींचं म्हणणं, "त्याला राग आलेलाच नाही, तर देऊ कुठून? आणि तिच्यादेखत हुंदका दिला तर ती जाईल का?"

शेवटी दिग्दर्शकाने परवाचा दिवस दिला. जमलं तर ठीक, नाहीतर कॉम्प्युटरमधल्या सिंहाची डरकाळी लावून टाकायची. सिंह आला की मावशींची उरलीसुरली कामंही जाणार, हे त्याने बोलून दाखवलं नाही आणि मावशींनीही विचारलं नाही.

यातली गंमत, म्हणजे गंमत नव्हे, अशी की या धंद्यात जो तो आपापल्या दिवशी येतो. अंधाऱ्या खोलीत एकट्याने उभं राहायचं, कानावर हेडफोन, समोर पडदा, आपलं बोलायचं आणि घरी जायचं. पडद्यावर ज्यांचा जीव एकमेकांत अडकलाय, त्यांचे आवाज एकमेकांना भेटतच नाहीत. मुलीचं काम करणाऱ्या बाईची तारीख पुढच्या पंधरवड्यातली. मावशींच्या कानात त्या जपानी पोरीचं न कळणारं बोलणं, आणि त्यावर गुरगुरायचं.

"आलाच आहात तर बसा," म्हणत त्यांनी माझ्या हातात कागद दिला. "मुलीची वाक्यं वाचा."

"मी? आठ वर्षांची मुलगी?"

"अक्कल तेवढीच आहे. वाचा."

मी आवाज बारीक करून वाचलं, "मी नाही जाणार. तू एकटा कसा राहशील?" मला हसू फुटलं. दुसऱ्यांदाही फुटलं.

"बातमीदार," त्या शांतपणे म्हणाल्या, "राहायचंय तुम्हाला. खरंच राहायचंय, असं वाचा."

मी नजर चुकवायला दाराकडे पाहिलं. तिथे चपलांची दोन कप्प्यांची मांडणी होती. खालच्या कप्प्यात मावशींचे दोन जोड. वरचा कप्पा रिकामा, पण धुळीचा कण नाही. रोज पुसत असणार. त्याच्याकडे बघत मी सरळ माझ्या आवाजात म्हणालो, "मी नाही जाणार. तू एकटा कसा राहशील?"

मावशी वळल्या आणि गुरगुरल्या. त्यात राग नव्हता हो. राग परवडला असता. समोरच्या माणसाने आपल्याला आयुष्यातून पुसून टाकलंय आणि त्याला त्याचं काहीच वाटत नाही, असा तो आवाज होता. मी कधी उठलो, कळलं नाही. भानावर आलो तेव्हा जिन्यात उभा होतो, चपला हातात, आणि दार मीच मागे ओढून घेतलेलं.

आणि मग आतून श्वास ऐकू आला. भरलेली बादली पायरीपायरीवर टेकवत वर न्यावी, तसा तुटक तुटक.

हा बातमीदार आयुष्यात फार वेळा गप्प बसलेला नाही, पण त्या दिवशी बसला. कारण हीच गुरगुर, पण शब्दांत, मी भिंतीतून आधी एकदा ऐकली होती. मावशींची भाची, मेलेल्या बहिणीची मुलगी, पाचव्या वर्षापासून इथेच वाढली. सहा वर्षांपूर्वी तिला लांबच्या शहरात चांगली नोकरी लागली आणि नेमकी तेव्हाच मावशींची गाठ निघाली. पोरगी म्हणे, नोकरी गेली खड्ड्यात, मी तुझ्यापाशीच राहणार. एका दुपारी पलीकडून मावशींचा तो नवा, फुटका आवाज आला, "मला तुझा कंटाळा आलाय. माझं घर मला मोकळं हवंय." पोरगी दोन बॅगा घेऊन गेली, ती परत आली नाही.

'मावशींनी पोरीला हाकललं' ही माझी आजवरची सगळ्यात गाजलेली बातमी. ती सांगायच्या घाईत मी भिंतीपासून लगेच उठलो होतो. श्वास ऐकायला थांबलो नव्हतो.

दोन दिवसांनी मावशी स्टुडिओत गेल्या आणि एकाच दमात काम करून आल्या. गुरगुर राहिली, सिंह टळला. गुरगुरीनंतरच्या श्वासावर मात्र दिग्दर्शकाने व्हायोलिन ओतलं.

सिनेमा लागला तेव्हा मावशी आणि मी दुपारच्या खेळाला गेलो. थिएटरात नऊ माणसं. मुलगी पूल ओलांडून गेली आणि मागे राक्षस एकटा उरला, तेव्हा मावशी पडद्याकडे न बघता आपल्या तळव्यांकडे बघत होत्या. शेवटच्या नावांत त्यांचं नाव 'इतर आवाज' खाली आलं आणि वाचेपर्यंत वर निघून गेलं. झाडूवाली आत आली तरी आम्ही बसूनच होतो.

"मावशी, रागावू नका," मी म्हणालो. "तुमच्या भाचीचा जुना नंबर आमच्या हिच्याकडे होता. काल तिला मेसेज टाकला मी. म्हटलं, सिनेमा बघ, त्यातला राक्षस तुझी मावशी आहे. आणि तो पुलापाशी खोटं गुरगुरतो, हेही लिहिलं."

मावशींनी मांडीवरची पिशवी सारखी केली. मग म्हणाल्या, "वाचलं तिने?"

"कालच वाचलंय. उत्तर नाही आलं."

त्यांनी पिशवी उचलली, उठल्या, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लगेच कसं येईल? माझ्या हाताखाली वाढलीय ती. आधी सिनेमा बघेल, मग गुरगुरेल."