पंच्याण्णव वर्षांची आई

आज सर्वपित्री अमावास्या. बारामतीतल्या घराच्या गच्चीवर पान ठेवून मी कावळ्याची वाट पाहतो आहे. ऊन चढलं तशी खिरीतली वेलची दरवळू लागली आहे. माझ्या आईवडिलांच्या तिथ्या मला पाठ आहेत. त्यांची पानं त्या त्या दिवशी होतात. आजचं पान वेगळं. त्यावर भोपळा, गवार, वडे आहेत आणि कडेला मीठ लावलेला एक उकडलेला बटाटा.

तो बटाटा इंदापूर तालुक्यातला. लासुर्ण्याच्या बाजूला, साखर कारखान्याच्या वसाहतीत आमच्या शेजारी एक गोरे गृहस्थ एकटे राहत. माझे वडील त्यांच्या हाताखाली बॉयलरवर होते. हे साहेब जर्मनीतले ज्यू. नाझींनी त्यांच्या वडिलांना पकडून नेलं, तेव्हा आईने सोळा वर्षांच्या या मुलाला मुंबईच्या बोटीसाठी एकट्याला आगगाडीत बसवलं. ती मागे राहिली. युद्ध सुरू होताच इथल्या इंग्रजांनी त्यांनाच जर्मन म्हणून पुरंदरच्या छावणीत ठेवलं. सुटल्यावर ते कारखान्यात आले आणि तिथलेच झाले. मराठी कामगारांकडून शिकलेली, त्यामुळे ‘हाय’ आणि ‘न्हाय’. “साहेब आमच्यापरीस गावठी बोलत्यात,” असं माझी आई त्यांच्या तोंडावर म्हणे आणि ते खूश होत. संध्याकाळी मात्र त्यांच्या ओसरीवर एकच खुर्ची असे, रस्त्याकडे तोंड केलेली. वाऱ्यावर मळीचा आंबूस वास येई आणि अंधार पडेपर्यंत ते तसेच बसून राहत.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. नेमकं वर्ष सांगता येणार नाही. आईने त्यांना त्यांच्या आईची तिथी विचारली. “ठाऊक न्हाय,” ते म्हणाले. तिथी ठाऊक नसलेल्यांचं पान आमच्याकडे या अमावास्येला करतात. आईने मायेने ते केलं आणि त्यांना जेवायला बोलावलं. त्यांनी दारातूनच पान पाहिलं.

“वहिनी, ती गेली हे तुमाला कुनी सांगितलं?”

आवाज चढला नव्हता. ते न जेवता परतले. त्या दिवशी आईही जेवली नाही. पुढे येणं-जाणं राहिलं, पण अमावास्येला त्यांचं दार बंद असे.

मी कॉलेजात असताना एका पितृपक्षात ते आपणहून आले. तोवर निवृत्त झाले होते, थकले होते.

“वहिनी, हिशोब केला. आई आता पंच्याण्णव वर्षांची असती. म्हातारपणानं गेली असं धरू. पान करा.”

“काय आवडायचं त्यांना?”

“आठवत न्हाय. बटाटा करा, मीठ लावून.”

“अवो, बटाटा आमच्यात उपासाला.”

“मग तिला उपास घडंल.”

दोघंही हसले. कावळा येईपर्यंत ते अंगणात उभे होते. त्या संध्याकाळी ओसरीवरची खुर्ची आत गेलेली मी पाहिली.

पुढे ते गेले, आईही गेली. नाझींच्या मृत्युछावण्यांबद्दल नंतर मी वाचलं. साहेबांच्या आईचं वय कुठे थांबलं असेल, याचा अंदाज मला आला. तो त्यांनाही असणारच. आकड्यांत मी सहसा सूट देत नाही, पण त्यांनी आपल्या आईला दिलेलं वय मी कमी केलेलं नाही.

मुलं परगावी आहेत. हे पान कुणाचं, हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं. मलाही त्या बाईंचं नाव माहीत नाही. बटाटा गार झाला आहे. कावळा अजून आला नाही. मला घाई नाही.